घर विकताय? टोकन घेण्याआधी कराचा हिशेब मांडा

पुण्यात घर विकायचं ठरलं की पहिली चर्चा भावाची होते. सोसायटीतला मागचा फ्लॅट कितीला गेला, एजंट काय म्हणतो, पार्किंग धरून किती सांगायचे. कराचा विषय निघतो तो बहुतेक वेळा पुढच्या जुलैत, रिटर्न भरायची वेळ आली की. तोवर पैशाला पाय फुटलेले असतात. थोडे मुलीच्या घराला गेले, थोडे एफडीत अडकले, थोड्यातून जुनं कर्ज फिटलं. आणि कर वाचवायच्या ज्या वाटा कायद्यानेच ठेवल्या आहेत, त्यातली एखादी तारखेमुळे बंद झालेली असते. हे पाहिलं की वाईट वाटतं, कारण हा हिशेब टोकन घेण्याआधी, घरच्या टेबलावर मांडता येतो. आणि तेव्हा मांडला तरच त्याचा पूर्ण उपयोग होतो.

खालची उदाहरणं १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षात झालेल्या विक्रीची आहेत. विकणारा भारतात राहणारा आहे असं धरलं आहे. परदेशातल्यांचं वेगळं पुढे येईलच.

कर नेमका कशावर

कर विक्रीच्या पूर्ण रकमेवर नाही, नफ्यावर लागतो. आणि नफा म्हणजे हातात उरलेले पैसे नव्हेत. "घर ८० लाखांना गेलं, पण ५० लाखांचं कर्ज फेडलं, मला ३० लाखच मिळाले" हे म्हणणं खरं असलं तरी आयकर खात्याच्या दृष्टीने कर्जाचा या गणिताशी संबंध नाही. विक्रीची किंमत, त्यातून विक्रीचा खर्च वजा, त्यातून घर घ्यायला आणि त्यात भर घालायला लागलेला खर्च वजा. उरतो तो भांडवली नफा.

घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा, नाहीतर अल्प मुदतीचा. अल्प मुदतीचा नफा तुमच्या पगारात किंवा पेन्शनमध्ये मिळवला जातो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे, म्हणजे ३० टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. २२ महिने झाले असतील आणि अडचण नसेल, तर तीन महिने थांबा. यापेक्षा सोपी करबचत दुसरी नाही.

खर्चात काय काय धरायचं? घराची मूळ किंमत, तेव्हा भरलेली स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी, एजंटाची दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी. नंतर घरात केलेली कायमस्वरूपी भर: एक खोली वाढवली, किचन पूर्ण नव्याने केलं, नवीन प्लंबिंग घातलं. रंगकाम, किरकोळ दुरुस्ती, दरमहा मेंटेनन्स यात बसत नाही. होमलोनच्या व्याजावर आधी वजावट घेतली असेल तर तेच व्याज पुन्हा खर्चात धरता येत नाही. हा बदल कायद्यात स्पष्ट केलेला आहे, तरी जुन्या सवयीने लोक ते धरतात आणि नोटीस येते. विकताना दिलेली दलाली आणि वकिलाची फीसुद्धा वजा होते.

या सगळ्याला कागद लागतो. खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) बहुतेकांकडे जपून ठेवलेले असतात. कॉन्ट्रॅक्टरचं बिल मात्र सापडत नाही. दलाली रोखीत दिली असेल तर पावतीच नसते. पैसे बँकेतून द्या, बिल नावावर घ्या आणि घराच्या फाइलला लावून ठेवा.

१२.५ की २०: दोन्ही करून पाहायचं

२३ जुलै २०२४ रोजी नियम बदलला. त्याआधी दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २० टक्के कर होता, पण खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने फुगवून घेता येत होती. आता दर १२.५ टक्के, पण किंमत फुगवायची नाही. यावर बरीच ओरड झाल्यावर सरकारने एक सोय दिली: २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर किंवा जमीन असेल आणि विकणारी भारतातली रहिवासी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, तर दोन्ही पद्धतींनी कर काढून जो कमी येईल तेवढाच भरायचा.

निर्देशांकाचं गणित असं. २००१-०२ या वर्षाला १०० धरलं आहे. २००४-०५ चा आकडा ११३, २००९-१० चा १४८, २०१४-१५ चा २४०, २०१९-२० चा २८९ आणि २०२५-२६ चा ३७६. खरेदीच्या किंमतीला विक्रीच्या वर्षाच्या आकड्याने गुणायचं आणि खरेदीच्या वर्षाच्या आकड्याने भागायचं.

कोथरूडमधला एक जुना दोन बीएचके घेऊ. नवरा-बायको दोघांच्या नावावर, दोघांनी निम्मे निम्मे पैसे घातलेले. जून २००४ मध्ये १० लाखांना घेतला, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीला ६० हजार गेले. २०१३-१४ मध्ये किचन आणि बाथरूम पूर्ण नव्याने केली, खर्च २ लाख २० हजार. ऑक्टोबर २०२५ मध्ये ९५ लाखांना विकला. दलाली आणि वकील मिळून १ लाख. हातात धरायची किंमत ९४ लाख.

पहिली पद्धत, निर्देशांकाशिवाय. खर्च १०,६०,००० अधिक २,२०,०००, म्हणजे १२,८०,०००. नफा ८१,२०,०००. त्याचे १२.५ टक्के म्हणजे १०,१५,०००.

दुसरी पद्धत. १०,६०,००० ला ३७६ ने गुणून ११३ ने भागलं की ३५,२७,०८० येतात. किचनचे २,२०,००० रुपये २०१३-१४ च्या २२० या आकड्याने भागून ३७६ ने गुणले की ३,७६,०००. एकूण खर्च ३९,०३,०८०. नफा ५४,९६,९२०. त्याचे २० टक्के म्हणजे १०,९९,३८४.

नफा इतका कमी दिसूनही कर जास्त आला. इथे १२.५ टक्केच परवडतात.

आता वाघोलीकडचा एक फ्लॅट. २०१४-१५ मध्ये सगळा खर्च धरून ५० लाखांना घेतलेला, आता खर्च वजा जाता ८० लाखांना गेला. निर्देशांकाशिवाय नफा ३० लाख, कर ३,७५,०००. निर्देशांकाने खरेदीची किंमत होते ७८,३३,३३३. नफा उरतो १,६६,६६७ आणि कर फक्त ३३,३३३. पावणेचार लाख कुठे आणि ३३ हजार कुठे! नुसता १२.५ चा आकडा ऐकून कुणी पहिल्या पद्धतीने कर भरून मोकळा झाला, तर किती नुकसान होईल ते यावरून कळतं.

प्रत्येक वेळी पूर्ण गणित करायला नको म्हणून एक अंदाज सांगते. विक्रीची किंमत खरेदीच्या किती पट आहे ते पाहा. २००१-०२ ची खरेदी असेल तर सुमारे ८.४ पट, २००४-०५ ची असेल तर ७.२ पट, २००९-१० ची ५.१ पट, २०१४-१५ ची २.५ पट आणि २०१९-२० ची १.८ पट ही सीमा येते. तुमची पट सीमेच्या खाली असेल तर निर्देशांकासह २० टक्के फायद्याचे, वर असेल तर सरळ १२.५. पेठांमधली आणि कोथरूड-एरंडवण्यातली जुनी घरं सीमेच्या वर जाण्याची शक्यता जास्त. गेल्या १०-१२ वर्षांत शहराच्या कडेला घेतलेले फ्लॅट बरेचदा खाली राहतात.

निर्देशांकाने नफ्याऐवजी तोटा दिसला तर त्या पद्धतीने कर शून्य होतो, पण तो तोटा पुढे नेऊन दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. ही सोय कर कमी करण्यापुरतीच आहे.

"१२ लाखांपर्यंत कर नाही ना?"

हा प्रश्न २०२५ च्या बजेटपासून प्रत्येक घरात विचारला जातो. उत्तर स्पष्ट आहे: नवीन करपद्धतीतली (न्यू टॅक्स रेजिम) ती सवलत घराच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरच्या कराला लागू नाही. उलट एक फटका बसतो. समजा काकांची पेन्शन वजावटीनंतर ८ लाख आहे. एरवी त्यांना कर शून्य. पण ज्या वर्षी घर विकून ३० लाखांचा नफा झाला, त्या वर्षी त्यांचं एकूण उत्पन्न ३८ लाख धरलं जातं, १२ लाखांची मर्यादा ओलांडली जाते आणि पेन्शनवरचे २० हजारही भरावे लागतात.

थोडा दिलासा असा, की इतर उत्पन्न ४ लाखांपेक्षा कमी असेल तर जेवढे कमी पडतात तेवढा नफा करातून सुटतो. ज्यांना पेन्शन नाही अशा आजीच्या नावावर घर असेल तर हे विसरू नका. ८० सी सारख्या वजावटी मात्र या नफ्यातून मिळत नाहीत.

कराच्या वर ४ टक्के सेस, म्हणजे करावरचा उपकर, आहेच. वर्षाचं एकूण उत्पन्न ५० लाखांवर गेलं की १० टक्के अधिभार, १ कोटीवर गेलं की १५. कोथरूडचं घर एकाच्याच नावावर असतं तर ८१ लाखांच्या नफ्यामुळे अधिभार लागून कर ११,६१,१६० झाला असता. दोघांच्या नावावर असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला ४०,६०,००० आले, बाकीचं उत्पन्न बेताचं असल्याने दोघेही ५० लाखांच्या आत राहिले आणि मिळून कर १०,५५,६००. लाखाहून जास्त फरक पडला. अर्थात नुसतं नाव लावून चालत नाही, घर घेताना ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा वाटा.

२००१ च्या आधीचं घर, आणि वारसाने आलेलं

सहकारनगर, मुकुंदनगर, डेक्कन, पेठा. इथली कितीतरी घरं सत्तर-ऐंशीच्या दशकातली. ४८ हजारांना घेतलेला फ्लॅट आज कोटीला जातो, मग नफा पूर्ण ९९.५२ लाख धरायचा का? नाही. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेल्या घराला त्या तारखेचं बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून घेता येतं. ते नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्यावं. एक अट आहे: ते मूल्य त्या तारखेच्या रेडी रेकनरच्या, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेल्या, मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. मूल्यांककाने ८ लाख काढले आणि सरकारी मूल्य ७ लाख असेल, तर ७ लाखच. वरच्या फ्लॅटचा नफा मग ९३ लाखांवर येतो. १२.५ टक्क्यांनी ८१,५०० रुपये वाचले. मूल्यांककाची फी त्यातून सहज निघते. मात्र २००१ च्या आधी केलेलं बांधकाम वेगळं धरायचं नाही, ते या मूल्यातच आलं.

वडिलांचं घर वारसाने आलं, तेव्हा कर नाही. भारतात वारसा कर नाही. कर येतो तो तुम्ही ते विकता तेव्हा. त्या वेळी वडिलांनी दिलेली किंमत हीच तुमची किंमत, आणि २४ महिने मोजताना वडिलांचा काळही धरला जातो. वडील गेले २०२२ मध्ये, घर त्यांनी घेतलं १९९८ मध्ये, तर १ एप्रिल २००१ चं मूल्य तुम्हालाही मिळतं. निर्देशांक कुठल्या वर्षापासून लावायचा यावर वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये करदात्याच्या बाजूने निकाल दिला: आधीच्या मालकाने घर घेतलं त्या वर्षापासून. बक्षीसपत्राने मिळालेल्या घरालाही हेच तत्त्व.

तिघे भावंडं वारस असतील तर तिघांनी आपापल्या वाट्याचा नफा दाखवायचा. सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव असलं आणि चेक त्याच्याच खात्यात आला, तरी सगळा नफा त्याचा होत नाही. नॉमिनी विश्वस्त असतो, मालक वारस. शक्य असेल तर करारातच तिघांची नावं आणि तीन वेगळे चेक लिहून घ्या, म्हणजे पुढे कुणाला खुलासे द्यावे लागत नाहीत.

रेडी रेकनर आणि रोख

कराराची किंमत ८० लाख आणि रेडी रेकनरप्रमाणे मूल्य ९२ लाख असेल तर? १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे ८८ लाखांपर्यंत. ९२ त्याच्या वर गेले, त्यामुळे तुमची विक्री ९२ लाखांना झाली असं धरून नफा काढला जातो. शिवाय घेणाऱ्याच्या उत्पन्नात ते १२ लाख मिळवले जातात. एकाच फरकावर दोघांना कर. राज्यात १ एप्रिल २०२५ पासून रेडी रेकनरचे दर वाढले आहेत. त्यामुळे लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरचं घर असेल, किंवा कुटुंबातच कमी भावाने देत असाल, तर आधी त्या विभागाचा दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहा.

रोखीचं थेट सांगते. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोखीत घेणं कायद्याने बंद आहे, टोकनसुद्धा. घेतली तर तेवढीच रक्कम दंड म्हणून जाऊ शकते.

कर वाचवायच्या वाटा

पहिली आणि मोठी वाट कलम ५४ ची. राहतं घर विकून झालेला दीर्घ मुदतीचा नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. पूर्ण विक्रीची रक्कम घालायला नको, नफा घातला की पुरे. नवीन घर विक्रीच्या १ वर्ष आधीपासून २ वर्षं नंतरपर्यंत विकत घेता येतं, किंवा ३ वर्षांत बांधता येतं. नवीन घराच्या खर्चात स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीही धरता येते. पुण्यात सात टक्के ड्युटी आणि नोंदणी फी ही छोटी रक्कम नव्हे.

कोथरूडच्या जोडप्याने बावधनला सगळा खर्च धरून ७० लाखांचं घर घेतलं, तर ८१.२० लाखांपैकी ७० लाख सुटले. उरलेल्या ११.२० लाखांवर सेससह १,४५,६०० रुपये. दहा लाखांचे दीड लाख झाले.

नफा २ कोटींपर्यंत असेल तर एका घराच्या जागी दोन घरं घेता येतात, पण ही मुभा आयुष्यात एकदाच. आई-वडील मोठं घर विकून एक स्वतःला आणि एक मुलाजवळ घेतात, त्यांना ही उपयोगी पडते. सवलतीची कमाल मर्यादा १० कोटी आहे. नवीन घर ३ वर्षांच्या आत विकलं तर वाचवलेला नफा त्या घराच्या किंमतीतून वजा होतो आणि कर अंगावर येतो.

दोन ठिकाणी लोक अडकतात. एक म्हणजे बांधकाम चालू असलेला फ्लॅट. हिंजवडी, मोशी, उंड्री, कुठेही बुकिंग करा, पण ३ वर्षांची मुदत तुमच्या विक्रीपासून मोजली जाते, बिल्डरच्या सोयीने नाही. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण करायची तारीख दिलेली असते. ती तुमच्या मुदतीच्या काठावर असेल तर तो प्रकल्प सोडून दिलेला बरा. उशीर झाला तरी पैसे भरल्याच्या आधारावर सवलत मिळाल्याचे निकाल आहेत, पण म्हातारपणी अपील लढायची हौस कुणाला?

दुसरी अडचण नावाची. घर आईचं विकलं आणि नवीन घर मुलाच्या नावावर घेतलं. भावना समजते, शेवटी त्याचंच होणार आहे. पण मुलाच्या नावावर घेतलेल्या घराला मुंबई उच्च न्यायालयाने सवलत नाकारलेली आहे. नफा ज्याचा, घर त्याच्या नावावर आणि पैसेही त्याच्या खात्यातून गेले पाहिजेत. मुलाचं नाव सोबत लावा, मृत्युपत्र करा, पण आईचं नाव ठेवा.

दुसरी वाट कलम ५४ ईसी च्या बाँडची. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी वित्त कंपन्यांचे बाँड विक्रीच्या तारखेपासून ६ महिन्यांत घ्यायचे, कमाल ५० लाख. पैसे ५ वर्षं अडकतात आणि व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास, तेही करपात्र. लोक व्याज ऐकून नाक मुरडतात. पण १३ टक्के कर पहिल्याच दिवशी वाचतो, आणि एफडी सात टक्क्यांनी धरली तरी ५ वर्षांतला फरक पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास येतो. ज्यांना आणखी घर नको आणि पैशाची घाई नाही, त्यांच्यासाठी हा पर्याय बरा आहे. जुलैपर्यंत थांबणाऱ्यांची हुकते ती हीच वाट: ऑक्टोबर २०२५ ला घर विकलं तर ६ महिने एप्रिल २०२६ मध्ये संपतात.

आणि कधी कधी कर भरून मोकळं व्हावं हेच शहाणपणाचं. वाघोलीच्या फ्लॅटवर ३३ हजार कर आहे. तो वाचवायला ३० लाख कशात तरी अडकवण्यात काहीच अर्थ नाही.

नवीन घर अजून ठरलं नाही आणि रिटर्नची तारीख आली, तर घालायची रक्कम कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीममधल्या खात्यात ठेवावी लागते. साध्या बचत खात्यात किंवा एफडीत ठेवून चालत नाही. २०२५-२६ मधल्या विक्रीसाठी ही तारीख ३१ जुलै २०२६. सगळ्याच शाखा हे खातं उघडत नाहीत, आधी चौकशी करा. काढलेली रक्कम ६० दिवसांत घरासाठीच वापरायची, उरलेली परत भरायची. खातं बंद करायला आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुदतीत घर झालं नाही तर पडून राहिलेल्या रकमेवर ३ वर्षं संपतात त्या वर्षी कर लागतो.

घर नाही तर प्लॉट विकत असाल तर कलम ५४ एफ लागतं, आणि तिथे नफा नव्हे, विक्रीची पूर्ण निव्वळ रक्कम घरात घालावी लागते. दोन्हींची गल्लत करू नका.

टीडीएस, आणि परदेशात राहणारी मुलं

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा पूर्ण किंमतीवर १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापतो. ९५ लाखांवर ९५ हजार. तो फॉर्म २६ क्यूबी भरून महिना संपल्यापासून ३० दिवसांत जमा करतो आणि तुम्हाला फॉर्म १६ बी देतो. दोघे विकणारे आणि दोघे घेणारे असतील तर फॉर्म चार भरावे लागतात. पॅन आधारशी जोडलेला नसल्याने निष्क्रिय झाला असेल, तर १ ऐवजी २० टक्के कापावे लागतात. करारावर सही करण्याआधी हे तपासा. आणि टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला असं नाही, तो तुमच्या अंतिम करातून वजा होतो इतकंच.

विकणारा अनिवासी असेल तर चित्र पालटतं. आई-वडिलांचं कर्वेनगरचं घर वारसाने आलेल्या, अमेरिकेत किंवा जर्मनीत स्थायिक मुलांना २० टक्क्यांचा पर्याय नाही, फक्त १२.५. आणि घेणाऱ्याला १ टक्का नव्हे, तर १२.५ टक्के अधिक अधिभार अधिक सेस कापावा लागतो, तोही सहसा पूर्ण किंमतीवर. ९५ लाखांवर १४.३ टक्क्यांनी १३,५८,५०० रुपये. खरा कर कमी असेल तर आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा सुट्टीत येऊन दोन आठवड्यांत घर विकून जायचा बेत असेल तर अर्ज आधीच करून ठेवा. घेणाऱ्यानेही सावध राहायला हवं, कारण कमी कापलं तर वसुली त्याच्याकडून होते.

रिडेव्हलपमेंटचा विषय खरं तर स्वतंत्र लेखाचा. इतकंच सांगते, की जुना फ्लॅट देऊन नवीन मिळतो तेव्हाही कायदा त्याकडे हस्तांतरण म्हणून पाहू शकतो, आणि नवीन फ्लॅट लगेच विकला तर २४ महिने कुठून मोजायचे यावर वाद निघतो. ताबा मिळाल्यावर घाईने विकू नका, आणि बिल्डरकडून मिळणारी कॉर्पसची रक्कम घेण्याआधी सल्ला घ्या.

कर भरायचा कधी आणि कसा

वय ६० च्या आत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. विक्रीनंतर येणाऱ्या हप्त्यांमध्ये, म्हणजे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर किंवा १५ मार्चला या नफ्यावरचा कर भरला तर हप्ता चुकल्याचं व्याज लागत नाही. १५ मार्चनंतर विकलं असेल तर ३१ मार्चपर्यंत भरा. ६० वर्षांवरच्या रहिवासी ज्येष्ठांना, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, आगाऊ कराची सक्ती नाही. त्यांनी रिटर्न भरण्याआधी भरला तरी चालतो.

आयकराच्या पोर्टलवर ई-पे टॅक्समधून चलन भरायचं. पगार किंवा पेन्शन आणि घराचा नफा एवढंच उत्पन्न असेल तर रिटर्न आयटीआर २ मध्ये भरायचं, नेहमीचा आयटीआर १ इथे चालत नाही. त्यात घेणाऱ्याचं नाव, पॅन, वाटा आणि घराचा पत्ता लागतो, तेव्हा इंडेक्स टूची प्रत जवळ ठेवा. सगळा नफा नवीन घरात घालून कर शून्य झाला तरी रिटर्न भरायचंच, कारण ३० लाख किंवा जास्तीच्या व्यवहाराची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून आयकर खात्याकडे जाते आणि तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसते. रिटर्नमध्ये ती विक्री नसली की नोटीस येते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या विक्रीचं रिटर्न जुन्या क्रमांकांनीच भरायचं. त्यानंतर घर विकणार असाल तर सीएला नव्या कायद्यातले क्रमांक आणि त्या वर्षाचा महागाई निर्देशांक विचारून घ्या, आणि वरचं पटीचं गणित नव्या आकड्याने करा.